दुसऱ्यांदा चावी

इंजिन पाण्यानं मरत नाही म्हणे.
म्हणजे मरतं, पण लगेच नाही.
इप्पलपल्ली मिस्त्री बोळ्यानं हात पुसत सांगत होता
आणि मी त्याच्या गॅरेजात, पालथ्या डब्यावर बसून
आमच्याच युनिटच्या रिजेक्ट टॉवेलनं
सीटखालचं पाणी अजून टिपत होते.

या गावात आम्ही पाण्याची वाट बघतो.
चार दिवसांआड नळ, पिंपांना झाकणं,
पहाटे तीनला बादल्यांचे आवाज.
आणि त्या रात्री तेच पाणी रेल्वेच्या पुलाखाली उभं होतं,
फुकट, न बोलावता,
खांबावरचा पिवळा दिवा पोटावर घेऊन.
तळ वीतभर खाली आहे की पुरुषभर,
वरून काय कळतं?

"आगु," मामय्या म्हणाले. एवढंच. थांब.
मांडीवर सुताच्या बिलांची पिशवी,
एक हात डॅशबोर्डवर.
पण पुढून एक टेम्पो सरळ गेला होता
(त्याची चाकं माझ्या दारांच्या कड्यांपर्यंत येतात
हे मला नंतर सुचलं)
आणि मागे हॉर्न, आणि उद्या सकाळी पार्टी,
आणि कुणीतरी कधीतरी सांगितलेलं,
पहिला गिअर, पाय उचलायचा नाही.

नाही उचलला.
बॉनेटवर लाट आली, चक्क लाट,
सोलापुरात.
मग सगळं गप्प.
फक्त वायपर, इकडून तिकडे, इकडून तिकडे,
कुणी नको नको म्हणावं तसे.

तेव्हा मी ते केलं जे कुणीही करेल.
चावी फिरवली.
परत फिरवली.
आतून एक आवाज आला, लहान, कोरडा,
शेजारच्या खोलीत कुणी सुपारी फोडावी तसा.

"हवा दाबली तर दबते, ताई.
पाणी दबत नाही.
पिस्टन वर येतो, वर जागा नाही,
मग मधला वाकतो.
पहिल्यांदा बंद पडली तेव्हा वाचली होती गाडी.
ढकलून बाहेर काढायची, प्लग खोलायचे,
दोन हजारांत घरी गेला असता."

त्यानं मधला काढून पेपरवर ठेवला.
मला तो सरळच दिसला.
शेजारी नवा ठेवला, तेव्हा दिसलं.

एकोणचाळीस हजार सहाशे.
विम्याच्या माणसानं फोनवर समजावलं,
अगदी मऊ आवाजात:
पूर कव्हर आहे मॅडम, चावी नाही.

मामय्या दुसऱ्या दिवशी गॅरेजात आले.
रॉड उचलला, एक डोळा मिटला,
त्याच्या अंगावरून अंगठा फिरवला,
चाळीस वर्षं धोट्यावरून फिरवला तसाच.
मी वाट बघत होते, आता म्हणतील.
ते म्हणाले,
"धोटा ताण्यात अडकला की आधी माग बंद.
मग हात.
जोर लावला की तारा तुटतात, शंभर शंभर."
आणि मिस्त्रीला विचारलं, चहा सांगितला का.

तीन आठवड्यांनी पुन्हा पाऊस, पुन्हा तोच पूल.
मागे हॉर्न. एक रिक्षावाला काच खाली करून
माझ्या आईबद्दल काहीतरी बोलला.
टपरीवरचा पोरगा पँट दुमडून पाण्यात उतरला,
चार पावलांवर वळून त्यानं मांडीवर हात आपटला,
"इथपर्यंत!"
आणि हसला, जणू त्यानंच भरलं होतं.

मी चावी काढली, पर्समध्ये टाकली,
पर्सची चेन लावली.
मामय्या झोपले होते, तोंड उघडं.
पाणी उतरायला सव्वा तास लागला.
पोराकडून दहाच्या शेंगा घेतल्या,
टरफलं बिलांच्या पिशवीत जमवत राहिले.